दहा नंबरचा मुलगा सहा नंबरवर: नुकसान होईल का?

होटगी रोडवाला:
माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो. गेली तीन वर्षे तो स्ट्रायकरच्या (सर्वांत पुढच्या, गोल करणाऱ्या खेळाडूच्या) मागे, दहा नंबरच्या जागी खेळत आला. यंदा नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनी संघाची मांडणी ४-४-२, म्हणजे चार बचावपटू, चार मिडफिल्डर (मधल्या फळीतले) आणि दोन स्ट्रायकर, अशी केली. तीत दहा नंबरला जागाच नसल्यामुळे त्याला बचावफळीच्या पुढे, सहा नंबरच्या जागी आणून उभे केले आहे. मुलगा हिरमुसला आहे. क्रिकेटच्या आपल्या सोलापुरात दुसरा संघ शोधायचा म्हटले तरी पर्याय बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे मला घाई करायची नाही. प्रशिक्षकाच्या पद्धतीमुळे मिडफिल्डरची घडण खरोखर बदलते, की अंगात गुण असलेला खेळाडू कुठेही उभा केला तरी तोच राहतो?

सहा नंबर:
बदलते, आणि पुष्कळदा भल्यासाठीच बदलते. इटलीचा नामांकित मिडफिल्डर आंद्रेआ पिर्लो मुळात दहा नंबरच होता. इंटर मिलान या क्लबमध्ये त्याचे बस्तान बसले नाही. २००१ मध्ये तो काही महिन्यांसाठी ब्रेशाकडून खेळला, तेव्हा तिथे पुढच्या जागेवर इटलीचा गाजलेला खेळाडू, साक्षात रॉबर्तो बाज्जो होता, म्हणून प्रशिक्षक कार्लो माझोने यांनी पिर्लोला मागे खेळवले. त्याच वर्षी तो एसी मिलानमध्ये गेला आणि तिथे प्रशिक्षक कार्लो अँचेलोत्ती यांनी ती जागा त्याच्या नावावर करून दिली. पिर्लो वेगवान नव्हता. पुढच्या गर्दीत त्याला चेंडू सावरायला उसंत मिळत नसे, ती मागे आल्यावर मिळू लागली आणि सारे मैदान समोर दिसू लागले.

मात्र मिलानमध्ये त्याच्या शेजारी मिडफिल्डर गातुसो होता, हे लोक विसरतात. धावून चेंडू हिसकावायचा गातुसोने आणि पास शोधायचा पिर्लोने, अशी ती वाटणी होती. तेव्हा प्रशिक्षकांना जागेबद्दल विचारण्याआधी जोडीदाराबद्दल विचारा. ४-४-२ मधल्या चार मिडफिल्डरांपैकी मध्यभागी दोघेच असतात. दुसरा मुलगा पुढे धावत सुटणारा आहे की थांबणारा, यावर आपल्या मुलाच्या वाट्याला काय काम येईल हे ठरेल.

रंकाळा ते सिद्धेश्वर:
मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे दहा वर्षे सोलापुरात आहे. वरील प्रतिसादातील माहिती बरोबर आहे, पण निष्कर्ष मला घाईचा वाटतो. पिर्लो मागे गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि चेंडू पायात कसा घ्यावा हे त्याला कोणी शिकवायचे राहिले नव्हते. फ्रान्सचा मिडफिल्डर एन्गोलो कांतेचेही तसेच. लेस्टर या इंग्लिश क्लबच्या ४-४-२ मध्ये २०१५-१६ साली आणि चेल्सीत प्रशिक्षक कोंते यांच्या ३-४-३ मध्ये २०१६-१७ साली तो प्रीमियर लीग (इंग्लंडची अव्वल स्पर्धा) जिंकला, आणि २०१८ मध्ये चेल्सीचे नवे प्रशिक्षक सारी यांनी जोर्जिन्यो या मिडफिल्डरला मध्यभागी बसवून त्याला उजवीकडे, थोडे पुढे ढकलले, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा तयार खेळाडू होता. पद्धतीने त्याचे काम बदलले, घडण नव्हे.

पंधराव्या वर्षी मात्र घडणच चालू असते. जो प्रसंग सामन्यात वारंवार येतो तोच मुलाच्या अंगवळणी पडतो, आणि कोणता प्रसंग यावा हे पद्धत ठरवते. त्याच वयात मीही ४-४-२ मध्ये मध्यभागी खेळलो. आमचे प्रशिक्षक बचावपटूंना थेट स्ट्रायकरकडे उंच चेंडू मारायला सांगत. दोन वर्षे मी डोक्यावरून जाणारे चेंडू पाहिले आणि खाली पडलेल्यांमागे धावलो. दमसास वाढला, पण पाठीवर विरोधी संघाचा माणूस असताना वळायचे कसे, हे मला आजतागायत येत नाही. दोष ४-४-२ चा नव्हता, चेंडू माझ्यापर्यंत येतच नव्हता.

म्हणून एक सामना कडेला उभे राहून पाहा आणि वहीत मांडा: चेंडू किती वेळा मिळाला, मिळण्याआधी त्याने मान वळवून मागे पाहिले का, आणि नंतर तो पुढे वळला की चेंडू आला तिकडेच परत दिला.

पार्कचा प्रेक्षक:
एक छोटी पुस्ती जोडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होते आणि चेंडू गुडघ्यापर्यंत उसळतो. अशा वेळी मुलाची नजर चेंडूवरच खिळणार. मान वळवली नाही म्हणून लगेच त्याला बोल लावू नये.

होटगी रोडवाला:
सर्वांचे आभार. रविवारी वही घेऊन गेलो. पूर्वार्धात त्याला चेंडू चौदा वेळा मिळाला, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूंची तक्रार इथे नाही. त्यांपैकी अकरा वेळा त्याचे तोंड आपल्याच गोलकीपरकडे होते आणि त्या अकरांपैकी नऊ वेळा त्याने चेंडू आला होता तिकडेच परत दिला. मान वळवून त्याने तीनदा पाहिले. योगायोग म्हणा, पण पुढे गेलेले दोन्ही पास त्या तिनांतलेच. जोडीदार पुढे धावणारा आहे, त्यामुळे मागे बऱ्याचदा हा एकटाच उरतो.

वही प्रशिक्षकांना दाखवली. ते थोडा वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "बुधवारपासून सरावात याच्या पाठीवर एक मुलगा ठेवतो, आणि चेंडू परत द्यायला बंदी." मुलाला अजून सांगितलेले नाही.