कोळीवाड्यातले भूगोलाचे सर

शिक्षकांचे छंद शाळेच्या फाटकाबाहेरच राहतात, असं काही जण म्हणतात. मला अजिबात पटत नाही. आम्हाला नववीला भूगोल शिकवणारे सर वरळी कोळीवाड्यातले, घरची होडी. रविवारी स्वतः जाळी विणत बसायचे. भरती-ओहोटीचा धडा आला तेव्हा पुस्तक मिटून फळ्यावर कोळ्यांचा हिशेब मांडला: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मग दादर चौपाटीवर नेऊन पाणी कुठवर आलंय ते आम्हालाच बघायला लावलं. पावसाळ्यात मोठ्या भरतीची बातमी आली की मी अजून आधी तिथी बघते.