एसएलके २३०: गरम झाली की दुसऱ्या गिअरमध्येच अडकते, बॉक्स खोलू का?

टिळकवाडीचा एसएलकेवाला

नमस्कार मंडळी. गाडी मर्सिडीज एसएलके २३० कॉम्प्रेसर, २००१ ची, पाच गिअरांची ऑटोमॅटिक, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. चार वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका गृहस्थांकडून घेतली, एनओसी आणून बेळगावचा केए २२ नंबर करून घेतली. उद्यमबागेत माझं छोटं टर्निंगचं वर्कशॉप आहे, त्यामुळे पाना हातात धरायची भीती नाही. पण ऑटो गिअरबॉक्सच्या आत कधी हात घातलेला नाही.

त्रास असा. सकाळी गार गाडी लोण्यासारखी चालते. वीस-पंचवीस मिनिटं झाली, त्यात चढ लागला, की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना क्षणभर इंजिन मोकळंच फिरतं आणि मग मागून कुणीतरी ढकलल्यासारखा दणका बसतो. असे दोन-तीन दणके झाले की गिअर बदलायचेच बंद. गेल्या रविवारी चोर्ल्याच्या रस्त्याला, जांबोटी सोडल्यावर हेच झालं. इंजिन तीन हजारावर आणि स्पीड पंचेचाळीस, त्यापुढे काही नाही. वर पाऊस, मागे ट्रकची रांग, शेजारी मुलगी घाबरून गप्प. बाजूला घेऊन बंद केली, दहा मिनिटांनी चालू केली तर पाचही गिअर हजर! तिथूनच माघारी फिरलो.

बाहेरगावच्या एका वर्कशॉपने एक चक्कर मारली आणि सांगितलं, क्लच प्लेटा गेल्यात, बॉक्स उतरवून ओव्हरहॉल करायचा, साडेतीन लाख. स्कॅनर लावलासुद्धा नाही. मी घरी स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावला, दोषाचा एकही कोड नाही. कोड नाही म्हणजे दोष इलेक्ट्रिकल नाही, असं धरायचं का? पैसे घालायची तयारी आहे, पण चुकीच्या कामाला नाही. कॉलेजात असल्यापासून ही गाडी डोक्यात होती हो. ती अशी रस्त्याकडेला उभी बघवत नाही.

शहापूरचा वायरमन

दादा, बॉक्स अजिबात खोलू नका. तुम्हीच लिहिलाय की, बंद करून चालू केली तर पाचही गिअर हजर. झिजलेल्या प्लेटा चावी फिरवल्यावर बऱ्या होतात होय? हा लिंप मोड. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी खोटं दिसूलालंय, म्हणून तो हात वर करतो आणि गाडी एका गिअरमध्ये धरून ठेवतो. या बॉक्सची रीतच आहे ती. तशा वेळी गाडी थांबवा, पी मध्ये घाला, बंद करा, दहा सेकंद थांबा आणि चालू करा. दोष अजून हजर असेल तर फक्त दुसरा आणि रिव्हर्स मिळतो, नसेल तर सगळे मिळतात. दहा मिनिटांत तुमचा दोष पळून गेला होता, म्हणजे कुठंतरी कॉन्टॅक्ट येऊन-जाऊन आहे.

तुमचा ब्लूटूथ स्कॅनर फक्त इंजिनाशी बोलतो, गिअरबॉक्सचं त्याला दिसतच नाही. बोनेटखाली ३८ पिनचं गोल सॉकेट असतंय, तिथून वाचणारा स्कॅनर शोधा. बॅटरीपण बघून घ्या. व्होल्टेज पडलं तरी ही गाडी नको ते दोष दाखवते.

आणि सगळ्यात आधी एक काम करा, फुकटचं आहे. बॉक्सच्या उजव्या अंगाला चेंबरच्या, म्हणजे खालच्या ऑइलच्या तव्याच्या, जरा वर १३ पिनचं गोल सॉकेट आहे. आतल्या दोन रबरी ओ-रिंगा वयानं कडक होतात आणि ऑइल झिरपतंय. नुसतं खाली ठिबकलं असतं तर बरं. पण ते वायरीच्या आतून, तांब्याच्या तारांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढतंय तसं वर चढतं आणि थेट कॉम्प्युटरच्या पिनांपर्यंत जातं. इंजिनाच्या कप्प्यातला कंट्रोल युनिटचा काळा डबा उघडा, गिअरबॉक्सच्या युनिटचा सॉकेट काढा, पांढऱ्या कापडानं पुसा. कापड तांबडं झालं की समजा.

निपाणीकर

वायरमन अण्णांशी सहमत, थोडी भर घालतो. माझ्याकडे २००० ची सी क्लास आहे, तिला हाच बॉक्स, मर्सिडीजचा ७२२.६ मॉडेलचा. तवंदी घाट चढताना मलाही हाच अनुभव यायचा.

बॉक्सच्या आत व्हॉल्व्ह बॉडीवर (ऑइलचा दाब वाटून गिअर बदलणारा ठोकळा) एक प्लास्टिकची पट्टी बसवलेली असते, कंडक्टर प्लेट म्हणतात तिला. सोलेनॉइडांना, म्हणजे करंटवर चालणाऱ्या व्हॉल्व्हांना, करंट तिच्यातूनच जातो, आणि तिच्यावर वेग मोजणारे दोन सेन्सर असतात, एन२ आणि एन३. ते गरम झाल्यावर दगा देतात आणि गार झाले की पुन्हा शहाण्यासारखे वागतात. बरोबर स्कॅनर मिळाला की लाइव्ह डेटा लावून शेजारी कुणाला तरी बसवा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये दोन्ही आकडे सारखे पाहिजेत. पहिल्या आणि पाचव्यात एन२ शून्य दाखवतो, ते बघून घाबरू नका. पण तिसऱ्यात चालताना एखादा आकडा मधेच शून्यावर पडला तर गुन्हेगार सापडला. मात्र गाडी पूर्ण तापलेली पाहिजे. माझी गार असताना तपासली होती, सगळं ठीक म्हणून सांगितलं, आणि मी आणखी दोन महिने तसाच हिंडलो.

अजून एक. बाहेर पडणारा वेग या बॉक्सला स्वतःला मोजता येत नाही, तो चाकांच्या एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक लॉक न होऊ देणारी यंत्रणा) सेन्सरवरून घेतो. डॅशवर एबीएस किंवा ईएसपीचा (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दिवा लागतो का, ते बघा.

खानापूरचे काका

चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपलोय, म्हणून वेगळं सांगतो. वायरी बघा, जरूर बघा, पण ऑइल बघितल्याशिवाय कुणालाच निर्दोष सोडू नका. ऑइल कमी असलं तरी चढावर इंजिन असंच मोकळं फिरतं. या गाडीला डिपस्टिक दिलेली नसते, नळीला लाल खुंटीचं झाकण असतं. लांब काठी वेगळी मागवावी लागते, आणि माप ८० अंशाला, गाडी चालू ठेवून, सपाट जागेवर घ्यायचं. गार बॉक्सवर मोजून वरून ऑइल ओतणारे मी बघितलेत, नंतर फेस होऊन बॉक्सचं वाटोळं होतं.

चेंबर काढलात तर चुंबकाकडे बघा. राखाडी चिखल बोटावर पसरला तर चालतंय, ते वयाचं आहे. चमकणारे कण टोचले किंवा ऑइलला करपल्याचा वास आला, तर मग त्या साडेतीन लाखवाल्याचं खरं. आणि ऑइल मर्सिडीजच्या २३६.१४ मान्यतेचंच घाला. दुकानात मिळेल ते कुठलंही तांबडं ऑइल घालायचं नाही.

टिळकवाडीचा एसएलकेवाला

काळा डबा उघडला. कापड तांबडं झालं! फोटो काढताना हात थरथरत होता. वायरमन अण्णा, तुमच्या पाया पडतो. १३ पिनचा सॉकेट मागवलाय, नंबर ए २०३ ५४० ०२ ५३, म्हणजे पुढे कुणाला लागला तर शोधत बसायला नको. काका, काठीसुद्धा मागवली.

टिळकवाडीचा एसएलकेवाला (पाच आठवड्यांनी)

उशीर झाला, कारण काम एका फेरीत संपलं नाही.

सॉकेट बदलला. उष्णतेचा पत्रा काढून कडं फिरवलं की जुना प्लग सुटतो, मग आत ७ मिलिमीटरचा एक बोल्ट. जुन्या ओ-रिंगा नखानं दाबल्या तर दबल्याच नाहीत, बांगडीसारख्या कडक. कॉम्प्युटरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुतल्या, सॉकेट उलटा टांगून रात्रभर निथळू दिला. गाडी अकरा दिवस झकास चालली. बाराव्या दिवशी हिंडलग्याच्या पुढे, भर दुपारी, पुन्हा तोच दणका. खरं सांगतो, त्या संध्याकाळी साडेतीन लाखवाल्याचा नंबर काढून बसलो होतो.

मग निपाणीकरांनी सांगितलेलं आठवलं. कोल्हापुरात ३८ पिनचा स्कॅनर असलेला एक मुलगा मिळाला. त्याला शेजारी बसवून हायवेवर गाडी तापवली. ऑइल ८५ अंशांच्या वर गेलं, तिसऱ्या गिअरमध्ये दोन्ही आकडे जोडीनं चालले होते आणि एकदम एन३ शून्य! त्याच क्षणी दणका. परत येताना तीन वेळा तेच, प्रत्येक वेळी एन३. आकडा पडताना डोळ्यांनी बघितला आणि महिनाभराचं ओझं उतरलं.

कंडक्टर प्लेट मागवली आणि रविवारी वर्कशॉपच्या पिटवरच काम काढलं. चेंबर उतरवला, फिल्टर काढला, व्हॉल्व्ह बॉडीचे दहा टॉर्क्स बोल्ट सोडले. ती हातात घेताना सांभाळा, चांगली जड आहे आणि खाली येताना बरंच ऑइल अंगावर घेऊन येते. सोलेनॉइड जुन्या प्लेटवरून नव्यावर जसेच्या तसे, जागेला जागा. पुन्हा बसवताना बोल्ट फक्त ८ न्यूटन मीटर. इथे मनगटाच्या अंदाजावर जाऊ नका, मी टॉर्क पानाच वापरला. काका, चुंबकावर मऊ राखाडी लेप होता, एकही चमकता कण नाही, करपल्याचा वासही नाही. क्लच प्लेटा शाबूत आहेत. प्लेट, सॉकेट, फिल्टर, गॅस्केट, ऑइल आणि कोल्हापूरचा स्कॅन धरून सगळा खर्च एकतीस हजारांच्या आत आला.

परवा मुलीला घेऊन पुन्हा चोर्ल्याला गेलो. जांबोटीचं ते वळण आलं तेव्हा दोघंही गप्प होतो. गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली ते कळलंसुद्धा नाही. कणकुंबीला चहा घेतला, खाली गोव्यापर्यंत गेलो, संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत.

वायरमन अण्णा, एकच विचारायचं आहे. कॉम्प्युटरच्या पिना काल पुसल्या तर कापडावर अजून पुसटसा तांबडा डाग आला. नवा सॉकेट कोरडा आहे.

शहापूरचा वायरमन

वायरीत आधी चढलेलं ऑइल आहे ते, लगेच संपत नाही. दर पंधरा दिवसांनी उघडून पुसत राहा, डाग कमी होत जातो. वाढला तर गाडी घेऊन या.

टिळकवाडीचा एसएलकेवाला

ठीक. आणि ऑइल मोजायची लांब काठी माझ्याकडे नुसती पडून आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, गडहिंग्लज, कुठूनही कुणाला या बॉक्ससाठी लागली तर उद्यमबागेतून घेऊन जा. पुसून परत आणा, तेवढंच.