फुप्फुसातल्या गाठीला एसबीआरटी: चार सिटिंगमध्ये भागतं का?

वाळपईकर
बाबांचं वय ७१. उजव्या फुप्फुसात वर, कडेला २.४ सेंमीची गाठ. बायोप्सीत कॅन्सर, पेट स्कॅनमध्ये बाकी सगळं स्वच्छ. सीओपीडीमुळे (दम्यासारखा श्वासाचा जुना आजार) ऑपरेशन झेपणार नाही म्हणून एसबीआरटीच्या, म्हणजे मोठ्या डोसच्या नेमक्या रेडिएशनच्या, ४ सिटिंग सांगितल्यात, एक दिवस आड. शेजाऱ्यांना तर ३० दिवस शेक (रेडिएशन) दिला होता. चारांत भागतं? आणि श्वासाबरोबर गाठ हलते, मग नेम कसा धरतात? चोर्ल्याचा घाट चढून बेळगावला जायचंय.

फिजिक्स_विभाग
भागतं. जुन्या पद्धतीत रोज २ ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप), ३० दिवसांत ६०. इथे १२ ग्रे चार वेळा, म्हणजे ४८. आकडा लहान दिसतो, पण एका वेळचा डोस मोठा असला की गाठीवरचा मार नुसत्या बेरजेहून पुष्कळ जास्त बसतो. गाठीवरच्या परिणामाची तुलना करायच्या हिशेबात ६० चे ७२ होतात, ४८ चे सुमारे १०५. मात्र मुख्य श्वासनलिकांच्या २ सेंमीच्या आत गाठ असती तर हाच डोस धोक्याचा होता, नळीतून रक्तस्रावही होऊ शकतो. तिथे ५ किंवा ८ सिटिंग करतात.

नेमाची सगळी मदार पहिल्या फोर-डी सीटीवर, म्हणजे श्वासाबरोबरची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनवर. श्वासाचे साधारण १० टप्पे टिपतात, गाठ जिथे जिथे पोचते ती सगळी जागा आखतात आणि भोवती सुमारे ५ मिमी कड सोडतात. वरची गाठ कमी हलते, हे बरंच आहे. स्कॅनवेळी श्वास वेडावाकडा झाला तर चित्रात गाठ तुटक दिसते आणि आखणी फसते. स्कॅन पुन्हा करूया म्हणाले तर आनंदाने करा.

शेक_टेक्निशियन
हात डोक्यावर घेऊन अर्धा-पाऊण तास उताणं पडायचं असतं. खांदा आखडलेला असेल तर स्कॅनच्या आधीच सांगा. अंगाचा आकार धरणारी व्हॅक्यूमची गादी त्याच बैठकीत घट्ट होते, नंतर बदलता येत नाही. कोपर जरा सरकलं तरी कोनबीम सीटी (शेकाच्या मशीनवरच जागा तपासायचा स्कॅन) पुन्हा घ्यावा लागतो. घरी रोज थोडी सवय करा. इनहेलर सोबत ठेवा.

पावसात घाट अडला नि एखादा दिवस हुकला तर घाबरू नका. पण हुकलेली सिटिंग दुसऱ्या दिवशीच्या सिटिंगला जोडून मागू नका, मधे किमान ४० तास हवेत.

फिजिक्स_विभाग
नंतरचंही लक्षात असू द्या. ६ आठवडे ते ६ महिन्यांत कोरडा खोकला, बारीक ताप, वाढलेला दम दिसला तर पडसं समजून घरीच गोळ्या देऊ नका. न्यूमोनायटिस (शेकामुळे फुप्फुसाला आलेली सूज) असेल तर स्टेरॉईड लागतं आणि ते हळूहळूच उतरवायचं; मधेच सोडलं की त्रास उलटतो. सीटीत त्या जागी पांढरा पट्टा वाढलेला दिसला तरी तो बहुधा व्रण असतो.

सीटीच्या रिपोर्टात आयएलडी किंवा फायब्रोसिस (फुप्फुस आतून कडक होण्याचा आजार) लिहिलंय का?

वाळपईकर
'दोन्ही बाजूंना खाली सौम्य फायब्रोसिस' असं आहे.

फिजिक्स_विभाग
मग प्लॅनिंग स्कॅनच्या आधी ती ओळ डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा. अशा फुप्फुसात न्यूमोनायटिस जिवावर बेतू शकतो.