अनुभव धागा: हट्ट, टिकल्या आणि साधक अभिसंधान

वागण्यापाठोपाठ काय मिळतं, त्यावर ते वागणं वाढणार की विरणार हे ठरतं. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या साधक अभिसंधानाचा (ऑपरंट कंडिशनिंग) गाभा एवढाच. दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी घरात हे वापरताना काय करायचं आणि कुठे फसतं, ते लिहा. घरचे किस्से नकोत, कृती हवी.

मानसशास्त्राची शिक्षिका
आधी मोजा. ‘शहाण्यासारखं वागणं’ मोजता येत नाही. ‘हाक मारल्यावर मिनिटभरात ताटावर येऊन बसणं’ मोजता येतं. तीन दिवस काहीही न बदलता वहीत तीन रकाने भरा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, मग मोठ्यांनी काय केलं. खरी गोम तिसऱ्या रकान्यात असते. तिथे पुन्हा पुन्हा ‘मोबाइल दिला’ दिसलं, तर हट्टाला बक्षीस आपणच देतोय.

बालवाडीताई
टिकल्यांचं एक पाकीट आणि पुठ्ठ्यावर आखलेले चौकोन पुरतात. पहिल्या दिवशी दोनच चौकोन ठेवा, म्हणजे ते नक्की भरतील. जमू लागलं की पाचापर्यंत न्या. काम होताक्षणी टिकली मुलाच्याच हाताने लावायची आणि कशाबद्दल ते सांगायचं: ‘हाकेसरशी आलास!’ नुसतं ‘गुड बॉय’ म्हटल्याने काय आवडलं ते त्याला कळत नाही. बक्षीस त्याच दिवशी द्या. साडेतीन वर्षांच्या पोराला ‘रविवारी बागेत’ म्हणजे कधीच नाही. मिळालेली टिकली रागाच्या भरात काढून घेऊ नका, तक्त्यावरचा विश्वासच उडतो. बक्षीस खाऊचंच कशाला? जास्तीची एक गोष्ट, कुंडीला पाणी घालणं, लिफ्टचं बटण दाबणं. (या बटणाची किंमत मोठ्यांना कळत नाही.)

समुपदेशक
टिकली ही लाच नव्हे का, असं हमखास विचारलं जातं. नाही, ती काम झाल्यावर मिळते. भोकाड सुरू असताना ‘गप्प बस, चॉकलेट देतो’ म्हटलं, तर ती लाच, आणि त्यात भोकाडालाच मोल येतं. चॉकलेट दिलं की आवाज थांबतो, म्हणून पुढच्या वेळी आपला हात डब्याकडे लवकर जातो. हे आपलं ऋण प्रबलन, म्हणजे नकोसं काही थांबल्यामुळे आपली कृती पक्की होणं: पोरानं आपल्यालाच शिकवलं!

पुन्हा शिक्षिका
दुर्लक्ष करायचं तर विलोपनाचा, म्हणजे बक्षीस बंद झालं की वागणं विरण्याचा, नियम नीट समजून घ्या. रडणं कमी होण्याआधी बहुधा वाढतं. त्या उसळीत तिसऱ्या दिवशी नमलात, तर मूल शिकतं की एवढ्या जोरात रडावं लागतं. कधी मिळतं, कधी नाही, अशाने सवय आणखी चिवट होते. संशोधक विल्यम्स यांनी १९५९ साली नोंदवलेलं उदाहरण यासाठीच वाचावं. एकवीस महिन्यांचा मुलगा झोपवताना आकांत करायचा. खोलीत परत न जायचं ठरलं. पहिल्या रात्री तो ४५ मिनिटं रडला, दहाव्या खेपेपर्यंत रडणं थांबलं होतं. आठवडाभराने त्याला मावशी-आत्यांपैकी कुणी झोपवायला गेली, तो रडला, ती परत येऊन बसली, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. आपल्याकडे ही भूमिका बहुतेकदा आजोबांकडे असते. त्यांना आधी विश्वासात घ्या, तारीख ठरवा, मगच सुरू करा. आणि दुखणं, भूक, भीती किंवा मारणं-चावणं असेल, तर तिथे दुर्लक्ष चालत नाही.

बालवाडीताई
‘दात घासले नाहीस तर गोष्ट नाही’ असं न म्हणता ‘दात घासले की गोष्ट’ म्हणा. मानसशास्त्रज्ञ प्रेमॅक यांचं तत्त्व हेच: नावडत्या कामामागे आवडतं काम.

समुपदेशक
काम दोन आठवडे सहज जमलं की टिकली एकाआड एक द्या, नंतर फक्त शाबासकी. जे काम मूल आपणहून करतं, त्याला टिकली लावूच नका. मानसशास्त्रज्ञ लेपर आणि सहकाऱ्यांच्या १९७३च्या प्रयोगात चित्रं आवडीने काढणाऱ्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली, तर पुढे त्यांची आवड घटली.

टाइम आउटबद्दल (मुलाला थोडा वेळ बाजूला शांत बसवणं): वयाच्या वर्षामागे एक मिनिट, उपदेश न करता. पण भाजी नको म्हणून ताट ढकलणाऱ्याला पानावरून उठवलंत, तर त्याला हवं तेच दिलंत.