'शाश्वत पर्यटन' गावाच्या पाटीवर कसं लिहायचं?

गोदाकाठ
नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याजवळच्या एका गावासाठी पाटीचा मजकूर मराठीत करायला घेतला आहे. मूळ मजकुरात 'सस्टेनेबल टुरिझम' आणि 'कम्युनिटी'ला होणारा फायदा असं आहे. मी लिहिलं, 'शाश्वत पर्यटन : स्थानिक समाजाला लाभ'. पारावर वाचून दाखवलं तर एक आजोबा म्हणाले, "कोणत्या समाजाला?" शेजारच्या मावशींनी विचारलं, "शाश्वत म्हणजे ही गर्दी आता कायमची का?" दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. थंडीतले पाहुणे पक्षी यायच्या आत पाटी लावायची आहे. मदत करा.

ओझरकर
'शाश्वत' रूढ झाला आहे, बदलू नका. शाश्वत विकास, शाश्वत शेती, सगळीकडे हाच शब्द आहे. सरकारी कागदात एक आणि पाटीवर दुसरा असं झालं तर गोंधळ वाढेल.

जुनी वही
रूढ झाला म्हणून बरोबर होत नाही, काका. 'शाश्वत' हा 'शश्वत्' म्हणजे 'सदैव' यापासून आला. आमच्या घरी तो फक्त कीर्तनात ऐकला, देह नश्वर आणि आत्मा शाश्वत. पर्यटन कसलं शाश्वत? इथे जे टिकायला हवं ते पाणी, गवत, पाखरं. पर्यटन कमी झालं तरी चालेल. विशेषण चुकीच्या नामाला चिकटलं आहे, मावशींना ते बरोबर कळलं.

पाणथळ
मग 'टिकाऊ पर्यटन' म्हणा की. सगळ्यांना कळतं.

जुनी वही
टिकाऊ चप्पल असते, टिकाऊ रंग असतो. 'टाकाऊतून टिकाऊ' शाळेत केलं आहे सगळ्यांनी. पाटी वाचून कुणी गंभीरपणे घेणार नाही.

पंचवटीकर
मला 'जबाबदार पर्यटन' आवडतं. एकच खंत, 'जबाबदार' फारसी वळणाचा. 'उत्तरदायी' का नको?

ओझरकर
दोन्हींचा अर्थ एकच. जबाब म्हणजे उत्तर. विचारलं तर ज्याला उत्तर द्यावं लागेल तो जबाबदार. केरळात २००८ मध्ये कुमरकोमला असा प्रयोग सुरू झाला, हॉटेलांना भाजी-अंडी गावातल्या महिला गटांकडून जाऊ लागली. तिकडे मल्याळममध्ये 'उत्तरवादित्त' म्हणतात. त्यांनी संस्कृत घेतला, आपण फारसी घेतला, माणूस तोच. 'जबाबदार' आपल्या आजीच्या तोंडचा शब्द आहे, त्याला परका म्हणू नका.

पंचवटीकर
परका म्हणत नाही. पण आपल्याकडे जुने शब्द पडून आहेत. नाशिकजवळच्या पांडवलेणीच्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, लेख आहे. गोवर्धन, शूर्पारक (सोपारा), भरुकच्छ (भडोच), दशपुर (मंदसौर) इथे त्याने चौसोपी निवारे बांधले, तापी, पारदा, दमण अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. लेखात नावेच्या या फुकट सोयीला 'पुण्यतर' म्हटलं आहे. वाटसरूची सोय करणं हे आपल्याकडे पुण्य होतं. तिथून शब्द का घेऊ नये?

पाणथळ
लेख सुंदर आहे, पण त्यात वाटसरूचं भलं आहे, नदीचं नाही. आता नदीचीच बाजू घ्यायची वेळ आली आहे. मी चापडगावच्या बाजूला लोकांना पक्षी दाखवायला नेतो. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. त्यानंतर रविवारी गाड्या किती येतात ते पाहून पोटात गोळा येतो. जवळून फोटो हवा म्हणून दगड मारून थवा उडवणारे मी पाहिले आहेत. मला शब्द असा हवा जो वाचून हात खाली येईल.

गोदाकाठ
'झेपेल तेवढंच' कसं वाटतं? 'गावाला आणि पाण्याला झेपेल इतकंच पर्यटन'. आणि 'समाज' काढून सरळ 'गावकरी' लिहिते.

ओझरकर
'समाज' काढलात ते छान. आपल्याकडे 'आमचा समाज' म्हटलं की जातच ऐकू येते. पण 'गावकरी'त वाडी-वस्तीवरचे, धरणावर मासे धरणारे येतात का? त्यांची नावं बऱ्याचदा गावाच्या यादीत नसतात. पैसे वाटायची वेळ आली की हा शब्द भांडण लावेल.

जुनी वही
'राखणे' घ्या. कुरण राखतात, देवराई राखतात, मान राखतात. 'राखून फिरा'. अंजनेरीच्या डोंगरावर पावसाळ्यात कंदीलपुष्पाची एक जात फुलते, ती जगात मोजक्याच जागी आहे आणि लोक तिच्यावरून चालत जातात. तिथेही हाच शब्द चालेल.

निफाडची लेक
ताई, इथे तो शब्द उलटा जाईल. आमच्याकडे 'पाखरं राखायला चालले' म्हणजे बाजरीच्या शेतात माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसून गोफणीने पाखरं हाकलायला चालले. राखायचं असतं पीक, पण बोलताना आम्ही 'पाखरं राखणं'च म्हणतो. अभयारण्याच्या पाटीवर 'पाखरं राखा' लिहिलं तर म्हातारी माणसं गोफण शोधतील.

जुनी वही
हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या सिन्नरला 'राखोळी' हा शब्द होता, तो गुरं सांभाळायला देण्यासाठी. तुमच्याकडे माळ्यावर बसणाऱ्याला वेगळं नाव होतं का?

निफाडची लेक
नाव आठवत नाही. आजी बसायची. पहाटे दव असताना जायची, कणसात दाणा भरू लागला की दिवसभर तिथेच. गोफणीत दगड नाही घालायची, मातीचं ढेकूळ घालायची. म्हणायची, उडालं पाहिजे, लागलं नाही पाहिजे.

पाणथळ
ढेकूळ? आमच्याकडे नुसता डबा वाजवायचे. येवल्याकडच्या कुणाला माहीत आहे का, तिकडे काय करायचे?