गेम डिझाइनसाठी परदेशी जायचे आहे: अर्जाआधी काय तयार हवे?

प्रश्न (फोंडा)
माझी मुलगी यंदा गोवा बोर्डाची बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून तिला गेम डिझाइन शिकायला परदेशी जायचे आहे. एका एजंटाने पहिल्याच भेटीत एका खाजगी कॉलेजचा अर्ज पुढे केला, परंतु तिने केलेले काही पाहू या, असे तो एकदाही म्हणाला नाही, हे मला खटकले. गेल्या चवथीला तिने माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-भाज्यांची चौकट, बांधण्याचा एक खेळ पुठ्ठ्यावर तयार केला होता. सुरुवातीला जो नारळ आधी उचलेल तोच दर वेळी जिंकायचा, म्हणून तिने भाराचा नियम घातला: एका बाजूचे वजन वाढले की माटोळी कलते आणि बांधणाऱ्याचे गुण जातात. अशा खेळाचा अर्जाला उपयोग होतो, की आधी कोडिंग शिकायला हवे?

प्रतिसाद (म्हापसा)
ताई, तो पुठ्ठा जपून ठेवा. मी स्कॉटलंडमध्ये डंडीच्या अ‍ॅबर्टे विद्यापीठात शिकलो. कॉम्प्युटर गेम्सची जगातली पहिली पदवी १९९७ साली तिथेच सुरू झाली. तिथे प्रोग्रामिंग, चित्रकला आणि डिझाइन यांच्या पदव्या वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे मुलीला नेमके कोणते काम करायचे आहे हे आधी ठरवावे लागते. प्रोग्रामिंगकडे जायचे असेल तर गणित आणि कोडिंग हवेच. डिझाइनच्या पोर्टफोलिओत, म्हणजे अर्जासोबत द्यायच्या स्वतःच्या कामाच्या संग्रहात मात्र चकचकीत चित्रांपेक्षा विचार कसा बदलत गेला हे महत्त्वाचे असते. तिने भाराचा नियम का घातला, घरातले कोण कुठे अडले, त्यावर तिने काय बदलले, हे फोटोंसह दोन पानांत लिहावे. मग तोच खेळ गोडो या गेम बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये छोट्या स्वरूपात करून पाहावा, म्हणजे कोडिंगची गोडी आहे की नाही हेही तिचे तिलाच कळेल.

प्रतिसाद (मडगाव)
खर्चाबद्दल लिहितो. नेदरलँड्समधील ब्रेडा येथे गेमविषयक चार वर्षांची पदवी इंग्रजीतून घेता येते. युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी तिथली सरकारी फी २०२५-२६ साली २,६०१ युरो होती आणि आपल्यासारख्यांना तिच्या काही पट भरावी लागते. आजी-आजोबांचा जन्म १९६१ पूर्वीचा, म्हणून गोव्यातल्या अनेक घरांत अशा वेळी पोर्तुगीज पासपोर्टचा विषय निघतो. परंतु भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, आपला पासपोर्ट परत करावा लागतो आणि ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमध्ये नव्याने जाणाऱ्याला त्या पासपोर्टमुळे फीची सवलत आपोआप मिळत नाही. केवळ फीसाठी अठराव्या वर्षी नागरिकत्व सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची चौकशी आधी करावी. ब्रिटनला जायचे ठरल्यास व्हिसासाठी स्वतःच्या खात्यातली रक्कम सलग २८ दिवस तशीच दाखवावी लागते, त्यामुळे ठेव मोडायची वेळ जुळवून घ्या.

प्रश्नकर्ती (फोंडा)
दोघांचीही मी आभारी आहे. मुलगी आजच नोंदी लिहायला बसली आहे आणि विचारते आहे की, फसलेले म्हणून काढून टाकलेले नियमही लिहायचे का?

प्रतिसाद (म्हापसा)
होय ताई, आधी तेच लिहायला सांगा.