'वाचन संपलं' म्हणणारे लेख आणि दीक्षाभूमी

वाचनसंस्कृती संपल्याचे लेख वाचून विद्यार्थ्यांनी अंतर्मुख व्हावं, असं काहीजण म्हणतात. मला ते लेख वाचून रागच येतो. त्यांतला वाचक कायम शहरी, मध्यमवर्गीय. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या आमच्या नागपूरच्या दीक्षाभूमीवर दसऱ्याला एकदा याच. पुस्तकांच्या स्टॉलवर पाय ठेवायला जागा नसते. मागच्या वर्षी माझ्या शेजारच्या आजींनी पदराची गाठ सोडली, चुरगळलेल्या नोटा मोजल्या आणि संविधानाची प्रत घेतली. नातवाला म्हणाल्या, "घरी गेल्यावर मले वाचून दाखव."

या वाचकांबद्दल त्या लेखांत एक ओळ नाही, आणि आमच्या वर्गात चर्चेला मात्र तेच लेख येतात.